सात रस्ते आणि एक पलंग

सोलापुरात सात रस्त्याला शासकीय विश्रामगृह आहे. शहरातली सगळ्यात मोठी धावपळ ज्याला बघायची असेल त्यानं मंत्री आलेल्या दिवशी तिथं जावं. फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागलेली असते. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घातलेली माणसं एकमेकांच्या कानाशी लागलेली असतात. निवेदनं घेतलेली शिष्टमंडळं व्हरांड्यात ताटकळत असतात, पोलीस शिट्ट्या फुंकत असतात, चहाचे ट्रे सारखे आत जात असतात. ज्यांच्यासाठी पलंग, पंखा, पडदे असा सगळा थाट मांडलेला असतो ते साहेब जरा टेकावं म्हणून पलंगाच्या कडेवर बसतात, तोच कुणीतरी डोकावून सांगतं, पत्रकार आलेत. साहेब उठतात. पलंगावरच्या चादरीला एक सुरकुतीही पडत नाही.

सात रस्ता म्हणजे नेमके कोणते सात, यावर सोलापूरकरांचं एकमत नाही. रंगभवनाकडचा, मोदीकडचा, रेल्वे लाइन्सचा, विजापूर नाक्याकडं जाणारा, होटगी रोडला लागणारा, इथपर्यंत सगळे बरोबर चालतात. पुढं कुणी एखादा बोळ धरतो, कुणी एखादा रस्ता सोडतो. कुणाचे सहा भरतात, कुणाचे आठ. रिक्षावाल्याला विचारलं तर तो म्हणतो, “जायचंय कुठं ते सांगा की मालक, मोजून काय करताव?”

त्याचंही बरोबर आहे. या चौकात उभ्या असलेल्या माणसाला ‘बरा आहेस का’ असं कुणी विचारत नाही. ‘कुठं चाललास बे’ असं विचारतात. कुठंच चाललेलो नाही, नुसता बसलोय, असं उत्तर दिलं की विचारणारा जवळ येतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, “घरी सगळं ठीक आहे ना?”

आता यातली गंमत बघा. अख्ख्या महाराष्ट्राला झोपवायचा मक्ता आमच्या गावानं घेतलेला आहे. होस्टेलला निघालेल्या पोराच्या ट्रंकेत सोलापुरी चादर असते, मुलीच्या रुखवतात असते, लॉजच्या पलंगावर असते, दवाखान्यात रात्री पेशंटजवळ थांबणाऱ्या नातेवाइकाच्या अंगाखाली असते. तिला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. म्हणजे झोपेचं पांघरूण सोलापूरचंच, याला सरकारी शिक्का आहे. आणि ती विणणारे माग मात्र रात्रपाळीत खडखडत असतात. पूर्व भागात तर त्या आवाजाची इतकी सवय आहे की लाइट जाऊन माग थांबले की लोक दचकून जागे होतात. त्यातून नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि येतं ते बऱ्याचदा आडवेळेला. मध्यरात्री गल्लीत पहिली बादली वाजली की सगळी चाळ चादरी फेकून उठते. साखरझोप हा शब्द सोलापुरात शाळेच्या पुस्तकापुरताच.

तसे सोलापूरकर झोपत नाहीत असं नाही. मे महिन्यात पारा ४३ अंशांच्या वर गेला की दुपारी सात रस्त्यावर कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. दुकानदार गल्ल्यामागं मान टाकतो, रिक्षावाला मागच्या सीटवर पाय बाहेर काढून आडवा होतो. त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. रविवारी मटण-भाकरी झाल्यावर जो घरातला कर्ता पुरुष झोपत नाही, त्याच्या तब्येतीची काळजी केली जाते. थोडक्यात, सगळं बरं चाललेलं असताना झोपायला आपली ना नाही. आपला आक्षेप आहे तो अडचणीत सापडलेल्या माणसानं झोपायला. संकट आलं की माणसानं पळालं पाहिजे. कुठं पळायचं, ते मागाहून बघता येतं. पण पळताना दिसलं पाहिजे.

हे सगळं मला शिकवलं आमच्या दाजींच्या आजारपणानं.

दाजींचा एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे, आणि घर सात रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत. त्या वर्षी त्यांच्यावर सगळं एकदमच आलं. सुताचे भाव चढले, टॉवेलची एक मोठी ऑर्डर ऐन वेळी रद्द झाली, बाहेरगावच्या एका पार्टीनं जुनी उधारी बुडवून फोन बंद करून टाकला, कर्जाचा हप्ता थकला आणि त्यातच त्यांच्या आईंचं, म्हणजे माईंचं, गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. दाजी सकाळी कारखाना, दुपारी बँक, संध्याकाळी वकील आणि रात्री हिशेब असे फिरायला लागले. अखेर ज्येष्ठात एके दिवशी मागाजवळच चक्कर येऊन खाली बसले. डॉक्टरांनी तपासलं, रक्तदाब बघून स्वतःच एकदा घाम पुसला आणि सांगितलं, “तीन आठवडे काहीही करायचं नाही.”

“काहीही नाही म्हणजे नेमकं काय काय करायचं नाही?” दाजींनी खिशातून पेन काढत विचारलं.

“कारखाना नाही, फोन नाही, हिशेब नाही. झोपायचं.”

“आणि गोळ्या?” ताईनं विचारलं.

“एकच. रात्री.”

ताईचा चेहरा उतरला. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, “एवढी फी घेऊन झोपा म्हणूनच सांगायचं होतं? ते मी लग्न झाल्यापासून फुकट सांगूलाले की.”

दाजी आडवे झाले, आणि दुसऱ्याच दिवसापासून समाचाराला माणसं यायला लागली. आजारी माणसाला विश्रांतीची गरज आहे हे आपल्याकडं सगळ्यांना मान्य असतं. तेवढं सांगायलाच तर सगळे येतात. बेल वाजते, दाजी उठून बसतात, बनियनवर शर्ट चढवतात. पाहुणा म्हणतो, “उठू नका, उठू नका.” हे तो दाजी पूर्ण उठल्यावर म्हणतो. मग चक्कर कशी आली, डावीकडून आली की उजवीकडून, आधी काय खाल्लं होतं, ही सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. ती संपली की पाहुण्याच्या साडूला अगदी अशीच चक्कर कशी आली होती ते ऐकावं लागतं. साडू हल्ली कसे आहेत असं विचारलं की पाहुणा सुस्कारा सोडून म्हणतो, “गेले.” चहा होतो. जाताना एक शहाळं आणि एक सल्ला ठेवून पाहुणा जातो. तिसऱ्या दिवसापर्यंत पलंगाखाली शहाळी मावेनाशी झाली. सल्ले दाजींच्या डोक्यात होते, त्यामुळं ते दिसत नव्हते.

सल्ल्यांच्या बाबतीत सोलापूरचा भूगोलच असा आहे की अडचणीतल्या माणसाला तो बसू देत नाही. तुळजापूर पन्नास किलोमीटरच्या आत, अक्कलकोट त्याहून जवळ, पंढरपूर सत्तरेक, गाणगापूरला रेल्वेनं जाता येतं आणि सिद्धेश्वर तर गावातच, तळ्यात बसलेला. एक म्हणाला गुरुवारी स्वामींना जाऊन या, एक म्हणाला आईच्या पायऱ्या चढून या, एकानं विजापूरकडचा जडीबुटीवाला सांगितला, एकानं हैदराबादचा मोठा डॉक्टर. सात रस्त्यांपैकी एकही रस्ता असा उरला नाही की ज्या दिशेनं दाजींनी तातडीनं जायला हवं होतं असं कुणी सांगितलं नाही. ‘पडून राहा’ एवढं सोडून बाकी सगळं जगानं सुचवलं. एका संध्याकाळी शेवटचा पाहुणा गेल्यावर दाजी छताकडं बघत मला म्हणाले, “तिरडीला सुद्धा वाटेत विसावा देतेत बे. मी तर अजून जित्ता आहे.”

सगळ्यात कडक पहारा होता तो माईंचा. माई माळकरी. गुडघ्यामुळं त्या वर्षी वारी चुकलेली, त्यामुळं आधीच चिडलेल्या. त्या पलीकडच्या खोलीत पलंगावर, दाजी अलीकडच्या. तिथून त्या दर तासाला आवाज द्यायच्या, “अजून झोपलायस काय रे?” वारी जवळ आली तशी त्यांना धार चढली. “माणसं पायी चाललीत पंढरीला. देव तिथं विटेवर उभा आणि तू इथं आडवा!” यावर दाजींना काही बोलता येईना. परमेश्वर उभा असताना आडवं कसं व्हायचं, याचं उत्तर डॉक्टरांच्या चिठ्ठीत नव्हतं.

तेव्हा दाजींनी एक उपाय शोधला. कपाटातून एक प्लास्टिकची फाइल काढली, त्यात जुनी बिलं भरली आणि ती काखेत मारून ते हळूच बाहेर पडायला लागले. फाइल हा आपल्या समाजातला फार मोठा आधार आहे. रिकाम्या हातानं टपरीवर बसलेला माणूस रिकामटेकडा. तोच काखेत फाइल घेऊन बसला की कामासाठी थांबलेला. दाजी सात रस्त्याच्या टपरीवर अर्धा अर्धा तास बसायचे. कुणी “काय मालक, इकडं कुठं?” विचारलं की फाइलवर नुसती थाप मारायचे. विचारणारा समजुतीनं मान हलवून जायचा.

आषाढी चार दिवसांवर आली आणि विश्रामगृहात मंत्र्यांचा राबता वाढला. अशाच एका दुपारी दाजी फाइल घेऊन फाटकासमोरून जात असताना एका कार्यकर्त्यानं त्यांना हटकलं. “निवेदन द्यायचंय ना काका? मग उन्हात काय थांबलाव, आत व्हरांड्यात बसा की.” दाजींच्या तोंडून नाही निघेना. ते आत जाऊन व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसले. वर पंखा होता. शेजारी हातात हार घेतलेले दोघे, पलीकडं रस्त्याची मागणी घेऊन आलेलं एक गाव. कुणी दाजींना चक्कर कशी आली ते विचारलं नाही. कुणाच्या साडूची गोष्ट निघाली नाही. साहेब यायला उशीर आहे असं कळलं आणि दाजींनी फाइल छातीशी धरून डोळे मिटले.

ते दोन तास झोपले. माईंच्या ऑपरेशनच्या आधीपासून एवढी गाढ झोप लागली नव्हती, असं त्यांनी मला सांगितलं. मध्ये साहेब येऊन गेले, घोषणा झाल्या, हार पडले. दाजींना कुणी उठवलं नाही. उलट एका शिपायानं त्यांच्याकडं बोट दाखवून दुसऱ्याला सांगितलेलं त्यांनी अर्धवट ऐकलं, “सकाळधरनं बसलेत बिचारे.” मंत्र्याची वाट बघणाऱ्या माणसाला या देशात कुणी आळशी म्हणत नाही. तो वर्षानुवर्षं तसाच बसला तरी त्याला जिद्दीचा म्हणतात. त्या विश्रामगृहाच्या आजवरच्या कारकिर्दीत तिथं मनापासून विश्रांती घेतलेला माणूस बहुधा आमचे दाजीच.

पुढं दोन-तीन दिवस हा क्रम चालला. मग मंत्री पंढरपूरला गेले, व्हरांड्यातल्या खुर्च्या उचलल्या गेल्या आणि दाजी परत घरच्या पलंगावर आले.

समाचाराला येणाऱ्यांत एक मोठे काका होते, लक्ष्मी-विष्णू मिलमधून निवृत्त झालेले. त्यांच्या आयुष्याची सगळी वेळापत्रकं अजूनही गिरणीच्या भोंग्यावर लावलेली. “आम्ही काय कधी झोपलो नाही दुपारचं,” असं ते दाजींच्या उशाशी बसून सांगायचे. मला राहवलं नाही. मी म्हटलं, काका, तुमची रविवारची सुटी काय आभाळातून पडली? गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी नव्हतीच; उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत काम, आणि तेही रोज. मुंबईला नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगार गोळा केले, सभा घेतल्या, अर्ज केले. सुटी रविवारीच कशाला, या प्रश्नावर रविवार हा खंडोबाचा वार आहे असं उत्तर त्यांनी तयार ठेवलं होतं. गिरणीमालकांनी अखेर १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य केली. त्या दिवशी मंगळवार होता. म्हणजे रविवार मिळवण्यासाठीसुद्धा कामाच्या दिवशीच झगडावं लागलं. पुढच्या वर्षी, १८९१ च्या कायद्यानं, दुपारी अर्ध्या तासाची सुटी आली. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अर्धा तास खरा. पण त्यात जेवायचं होतं, झोपायचं नव्हतं.”

मात्र काकांनी त्यानंतर जे सांगितलं त्यावर मी गप्प झालो. ते म्हणाले, “घरी बसणं आणि विश्रांती एकच समजू नकोस.” त्यांच्या वडिलांनी जुनी गिरणी बंद पडलेली पाहिली होती. १८७७ साली सुरू झालेली, सोलापूरला गिरणगाव करणारी ती सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल ऑगस्ट १९४९ मध्ये मालकांनी बंद केली. हजारो घरांतले कर्ते पुरुष एका दिवसात रिकामे झाले. जानेवारी १९५० मध्ये सरकारनं वटहुकूम काढून गिरणीचा कारभार हातात घेतला, त्याविरुद्ध एक भागधारक थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि चिरंजितलाल चौधरी यांचा तो खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना अजून अभ्यासाला असतो. सोलापूरची गिरणी झोपली आणि देशभरातले वकील जागे झाले. पण त्या दिवसांत काकांचे वडील रात्रभर अंगणात येरझारा घालायचे. हाताला काम नव्हतं, डोळ्याला झोप नव्हती. लक्ष्मी-विष्णू बंद झाली तेव्हा काकांच्या गल्लीतही तेच झालं.

दाजींनी हे सगळं ऐकलं आणि पहिल्यांदाच स्वतःच्या पलंगाकडं जरा ओशाळून बघितलं. “आपल्याला डॉक्टरनं सांगितलं म्हणून आपण पडलो,” ते म्हणाले. “मागावर उभा राहणाऱ्याला कोण सांगणार? मीटरवर मजुरी. थांबला की थांबली.” विडी वळणाऱ्या बायांचंही तसंच, हजार विड्यांमागं मजुरी, ताप आला तरी सूप मांडीवर. यावर माझ्याकडं विनोद नाही. दाजींकडं उत्तर नव्हतं. काका चहा न घेताच गेले, हे त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं.

एका शेजाऱ्यांनी डॉक्टर कोटणीसांचा दाखला दिला. भय्या चौकात त्यांचं स्मारक आहे. ते बघून शेजारी नुकतेच आले होते. “चीनमध्ये बहात्तर तास न झोपता ऑपरेशनं केली, सोलापूरच्या माणसानं!” ते म्हणाले. खरं आहे, आणि त्या नावापुढं मान आपोआप खाली जाते. १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून ते गेले, युद्धाच्या आघाडीवर राबले आणि डिसेंबर १९४२ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेले. व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर सिनेमा काढला. पण तिथं समोर जखमी सैनिक होते. इथं समोर टॉवेल होते. टॉवेल वाचवण्यासाठी बहात्तर तास जागण्याचा आग्रह धरणारे शेजारी स्वतः रात्री नऊला दिवे मालवतात, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

खरा आधार दिला तो दाजींच्या मंगळवेढ्याकडच्या चुलत्यांनी. कामापुरतं बोलणारा माणूस. मोसंबी नाही, शहाळं नाही, पिशवीत शेंगाची चटणी आणि कडक भाकरी. बसले, पाणी प्याले आणि माईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “रान सुद्धा आत्ता पडच आहे की.”

ज्याला जिरायती माहीत नाही त्याला यातली खोच कळायची नाही. मंगळवेढ्याची ती काळी, भेगाळणारी जमीन ज्वारीसाठी नावाजलेली, तिच्या ज्वारीला मानांकन मिळालेलं. ती ज्वारी रब्बीची. म्हणजे बाहेर पाऊस पडतोय, सगळीकडं पेरण्या चालल्यात, आणि हे रान मात्र पावसाळाभर मोकळं. शेतकरी मधून मधून कुळव फिरवतो, तण काढतो, बाकी काही मागत नाही. जमीन पाणी पीत राहते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी झाली की त्या साठलेल्या ओलीवर, बऱ्याचदा वरून थेंब न पडता, मालदांडी ज्वारी पुरुषभर उंच होते. आषाढात त्या रानाजवळून जाणारा कुणी त्याला ‘काय मालक, रिकामं का?’ असं विचारत नाही. बैलांनाही त्याच सुमारास बेंदराचा दिवस असतो; आदल्या दिवशी खांदे मळतात, हळद-लोणी लावतात आणि बेंदराला जू ठेवत नाहीत. चुलते म्हणाले, “दरसाल दोन्ही हंगाम घ्यायला गेलेल्यांची रानं बघितलीत आम्ही.” एवढंच बोलून ते एसटीला गेले. बसायला आग्रह केला तर म्हणाले, “त्याला झोपू दे, मी कशाला बसू?” सगळ्या पाहुण्यांत हे वाक्य बोललेला हा एकच माणूस.

आता आषाढीचं सांगतो, कारण माईंचा आणि दाजींचा खरा सामना त्या दिवशी झाला. सकाळी दाजींनी पंचांग उघडून मोठ्यानं वाचलं. देवशयनी एकादशी. “माई, आजपासून चार महिने देव झोपतो असं लिहिलंय.”

“तो क्षीरसागरातला,” माई क्षणाचाही विलंब न लावता म्हणाल्या. “आपला पंढरीचा जागा आहे.”

आणि माई बरोबर होत्या, हीच तर गंमत. ज्या दिवसांत पंचांगात देव निजतो, त्याच दिवसांत पंढरपुरात त्याच्या झोपायच्या खोलीतला पलंग काढून ठेवलेला असतो. वारीच्या आधी चांगला दिवस बघून पलंग निघतो. लाखो माणसं पायी येतात, त्यांना दर्शन मिळायला पाहिजे, म्हणून देवाची शेजारती बंद, रात्रीची विश्रांती बंद, राजोपचार बंद. चोवीस तास उभं राहायचं. पण तिथले लोक देवाला नुसतं उभं करून मोकळे होत नाहीत. पलंग काढला की विठ्ठलाच्या पाठीशी मऊ कापसाचा लोड देतात आणि रुक्मिणीमातेला तक्क्या. उभ्या उभ्या जेवढं टेकता येईल तेवढं टेकावं म्हणून. आणि यात्रा पांगली की प्रक्षाळपूजा होते. देवाला गरम पाण्यानं स्नान घालतात, त्याच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, रात्री शीण जावा म्हणून औषधी काढा देतात. मग पलंग परत येतो, शेजारती होते आणि सगळे नित्योपचार पूर्वीसारखे सुरू होतात. कार्तिकीला पुन्हा तसंच.

मला या प्रथेत सगळ्यात आवडतं ते हे की तिथं कुणी म्हणत नाही, देवाला कसला आलाय शीण. शीण येतो, हे गृहीत धरलेलं आहे. लोड आधीच शिवलेला असतो, काढा ठरलेला असतो, पलंग परत आणायचाच हेही ठरलेलं असतं. आपण माणसांच्या बाबतीत फक्त पहिली पायरी उचलली आहे. पलंग तेवढा तत्परतेनं काढतो.

तीन आठवडे संपले. दाजी कारखान्यात गेले. जॉबरनं हिशेबाची वही पुढं केली. दाजींनी ती दोनदा तपासली. ते नसताना कारखान्याचं जेवढं नुकसान झालं होतं, ते बरोबर तेवढंच होतं जेवढं ते रोज धावत असताना होत होतं. जास्त नाही, कमी नाही. सुताचा भाव तोच, बुडालेली उधारी तशीच. फरक इतकाच की दाजींना ती आकडेमोड पहिल्यांदा सरळ दिसत होती. त्यांनी दोन माग विकायचे ठरवले, बँकेत जाऊन हप्त्यांची मुदत वाढवून मागितली, बुडव्या पार्टीला वकिलाची नोटीस पाठवली आणि सहा वाजता घरी आले. यात चमत्कार काही नाही. यातलं प्रत्येक काम तीन महिन्यांपूर्वीही सुचण्यासारखं होतं; फक्त त्यासाठी लागणारं डोकं तेव्हा बँक ते वकील या रस्त्यावर कुठंतरी स्कूटरवरून खाली पडलेलं होतं.

तेवढ्यात प्रक्षाळपूजेची बातमी पेपरात आली. माईंनी ती ताईकडून दोनदा वाचून घेतली. देवाचा पलंग परत आला, आता त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं आणि त्यांचा सगळा राग दाजींवरून निघून सगळी माया दाजींवर आली. देवाला जे केलं ते पोराला करायचं, असं त्यांनी पलंगावरून फर्मान काढलं. ताईनं सुंठ-मिऱ्यांचा इतका जहाल काढा केला की दाजींच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग लिंबू कापलं, वाटीत साखर घेतली आणि माईंच्या देखरेखीखाली दाजींच्या दोन्ही तळपायांना खसाखसा चोळली. “घाण्याला जुंपल्यासारखा राबलाय माझा लेक,” माई म्हणाल्या. पाय धुवायचे राहिले, कारण त्या दिवशी पाणी यायचं होतं आणि ते आलं नव्हतं. दाजींनी अंगावर स्वतःच्याच गावची जाड चादर ओढली आणि झोपले.

रात्री दोनला घर उठलं. गल्लीत पाणी आलं होतं म्हणून नव्हे. दाजी पलंगावर उभे राहून एका पायावर नाचत होते. चादरीत, गादीवर, पायाच्या बोटांमधून मुंग्यांची वारी लागलेली.

“अहो, हळू! पडाल!” ताई म्हणाली.

“देवाच्या गाभाऱ्यात मुंग्या येत नाहीत काय गं?” दाजी ओरडले.

पलीकडच्या खोलीतून माईंचा आवाज आला, “तिथं गरम पाणी घालतेत रे आधी. उठलाच आहेस तर नळ बघून ये, आलं असंल.”